नवा गडी आणि जुना डाव



अमेरिकेंतील कॉलेजांत दरवर्षीं बास्केटबॉलचे जुने खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागीं शाळांतून निवडलेलीं नवीं मुलें येतात. संघाची खेळण्याची एक रीत ठरलेली असते. येणाऱ्या मुलाची दुसरीच असते. मग मुलानें रीतीप्रमाणें वळावें, कीं रीतीनें मुलाप्रमाणें? तीस-पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला हा प्रश्न केवळ खेळाचा वाटत नाहीं.

याचें एक बोधप्रद उदाहरण लॉस एंजेलिस येथील यूसीएलए या विद्यापीठाचें आहे. तेथील संघाचे शिक्षक जॉन वुडन हे मूळचे शाळेंत इंग्रजी शिकविणारे मास्तर. १९६४ सालीं त्यांच्या संघानें तीस सामने खेळून तीसही जिंकले. पहिल्या पांच गड्यांत साडेसहा फूट उंचीचा एकही नव्हता. प्रतिपक्षास मैदानभर घेरावयाचें, घाईनें चुका करावयास लावावयाचें, आणि सांपडलेला चेंडू घेऊन धांवत सुटावयाचें, ही त्यांची रीत. १९६५ सालींही अजिंक्यपद त्यांनाच मिळालें.

त्याच वर्षीं न्यूयॉर्कहून ल्यू अल्सिंडॉर हा सात फुटांहून उंच मुलगा तेथें आला. पुढें करीम अब्दुल-जब्बार या नांवानें जगाला ठाऊक झाला तोच हा. त्या वेळीं पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघांत खेळण्याची मनाई असे. परंतु २७ नोव्हेंबर १९६५ रोजीं या नवशिक्यांच्या संघानें खुद्द अजिंक्य संघाला ७५ विरुद्ध ६० असें हरविलें!

आतां वुडन यांच्यापुढें पेंच पडला. त्यांच्या जुन्या रचनेंत उंच खेळाडू बास्केटपासून दूर उभा राही आणि इतर त्याच्या भोंवतीं धांवत. अशा मुलाला दूर उभें करणें म्हणजे घरांतला दिवा अंगणांत ठेवण्यासारखें होतें. म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या-छपन्नाव्या वर्षीं या गृहस्थांनीं स्वतः नवी रचना शिकून घेतली. मुलाला बास्केटजवळ उभें केलें आणि चेंडू त्याच्याकडे पोंचविण्याची व्यवस्था केली. मात्र दमसास, चपळ हात आणि अचूक पास यांची रोजची तालीम तिळभरही सैल केली नाहीं. पायमोजे नीट कसे चढवावे, हेंदेखील ते पूर्ववत् शिकवीत राहिले!

फळ काय मिळालें? १९६७, ६८ आणि ६९ अशीं सलग तीन अजिंक्यपदें. अठ्ठ्यायशीं विजय आणि अवघे दोन पराभव. पण मला अधिक कौतुक पुढचें वाटतें. अल्सिंडॉर गेल्यावर वुडन यांनीं ती यशस्वी रचनाही बाजूस ठेविली. हातीं असलेल्या गड्यांना शोभणारी जुनी रचना पुन्हां घेतली आणि १९७० व १९७१ सालींही अजिंक्यपद राखलें.

हें सर्व मला फार उशिरां उमगलें. माझ्या शाळेंत एक उंच, संथ मुलगा होता. त्याचा पास मात्र सुईंत दोरा ओंवावा तसा नेमका. मला आमच्या धांवत्या खेळाचा अभिमान! मीं त्याला रोज संध्याकाळीं पळविलें, चारचौघांत बोललों. तीन महिन्यांत तो मैदानावर यावयाचा थांबला. पुढल्या वर्षीं एका गल्लींतील संघांत तो मला दिसला. एके जागीं उभा राहून तो चौघांना चेंडू पुरवीत होता आणि चौघेही गुण मिळवीत होते. उणीव कोणाची होती, तें त्या संध्याकाळीं मला कळलें.

अमेरिकेंत १९७२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांना लगेच मुख्य संघांत खेळतां येऊं लागलें. २०२१ सालीं एक वर्ष बाहेर न बसतां कॉलेज बदलण्याचीही मुभा मिळाली. मुलांच्या दृष्टीनें तें न्याय्यच झालें. परंतु एकमेकांना ओळखण्यासाठीं पूर्वीं जें वर्ष मिळे, तें गेलें. आतां न जमलें कीं मुलगा निघून जातो. म्हणून नव्या मुलाला काय येत नाहीं हें मोजण्याआधीं, आपल्या संघांत कोणालाच येत नाहीं असें त्याला काय येतें, हें शिक्षकानें पाहावें. डाव बदलतां येतो. मैदान सोडून गेलेला मुलगा मात्र बहुधा परत येत नाहीं.