मुळशीच्या पाण्यावरील होडीची बैठक
(वार्षिक संमेलनातील भाषण)



रंधा आणि पटाशी यांवर ज्याच्या पिढ्या वाढल्या त्या आपल्या सुतार समाजापुढे होडीविषयी बोलण्यास संकोचाचे कारण नाही. मुळशीच्या जलाशयासाठी आम्ही जी जुनी शिडाची होडी दुरुस्त केली, तिच्या बाहेरील अंगाचे काम पुरे झाले आहे. आज बोलावयाचे ते आतील बैठकीविषयी, जिला खलाशी कॉकपिट म्हणतात.

होडी एन्टरप्राइज जातीची, दोन माणसांची, १३ फूट ३ इंच लांबीची. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली ही जात आखली ती हौशी माणसाला प्लायवूडमधून घरीच बांधता यावी म्हणून.

मुळशीचे पाणी टाटा कंपनीने मुळा नदीवर बांधलेल्या धरणाचे. त्याखाली गावे गेली, आणि १९२१ साली सेनापती बापट प्रभृतींनी सत्याग्रह आरंभिला, हे आपण जाणताच. आमच्या कामापुरते महत्त्वाचे एवढेच की हे पाणी गोडे आहे. कोकणातील होडीस खाऱ्या पाण्यातला किडा पोखरतो. तो येथे नाही. परंतु मीठ लाकडाला कुजण्यापासून जे संरक्षण देते, तेही येथे नाही. पावसाचे पाणी सांध्यात साचले की बुरशी धरते, आणि वर रोगण चकाकत असता आत फळीचा भुगा होतो. पूर्वीच्या कोणा कारागिराने बैठकीत लोखंडी स्क्रू पिळले होते. त्यांच्याभोवतालचे लाकूड काळे पडून बोटाने निघत होते.

म्हणून नवे प्लायवूड घेतले ते आय. एस. ७१० या प्रमाणाचे. बाजारात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून पुष्कळ माल विकला जातो. त्याच्या नावावर न जाता शिक्का पाहावा. कापलेल्या प्रत्येक कडेस, विशेषतः जी कधी दिसणार नाही तिला, इपॉक्सी पाजली. तळावरील आडव्या पट्ट्यांना खाचा ठेवल्या, जेणेकरून पाणी वाहत सखल जागी यावे.

आता खरी मेख. बैठकीच्या दोन्ही अंगांस हवाबंद कप्पे असतात. डोंगरांतून उतरणारा वारा एकसारखा नसतो. झपाट्यासरशी होडी आडवी होते, आणि तेव्हा ती तरंगते ती या कप्प्यांच्या बळावर. उलट क्लीट, कप्पी, पट्ट्यांचे आंकडे हे सारे सामान बसवावयास जागा सोयीची दिसते तीही याच कप्प्यांवर. प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रण! आमचा नियम असा की शक्य ते सामान मधल्या आडव्या फळीवर बसवावे. कप्प्यावर बसविणे अटळ असेल तेथे भोक मोठे पाडून इपॉक्सीने भरावे, आणि ती वाळल्यावर तिच्यामधून बोल्टपुरते भोक पाडावे. मग पाणी झिरपले तरी लाकडास शिवत नाही.

पाय अडकविण्याच्या पट्ट्यांत मात्र काटकसर नको. सुकाण्या त्यांच्याच भरवशावर सारे अंग पाण्यावर झोकून देतो. आंकडा उपटला तर तो पाठीवर पाण्यात जातो. तेथे नुसता स्क्रू चालत नाही. बोल्ट आरपार जावा व पलीकडे सागवानाचा ठोकळा असावा.

दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ज्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात बांधलेली होती व तिच्या फायबरच्या अंगात लाकडाचाच गाभा होता. आपल्या मुलांनी फर्निचरपलीकडेही पाहावे असे आम्हांस वाटते, ते यासाठी.

होडी किनाऱ्यावर असताना कप्प्यांची झाकणे उघडी ठेवावीत, आत वारा खेळू द्यावा. धरणाच्या मालकांची परवानगी मिळाल्यावर प्रथम उथळ पाण्यात, अंगावर जीवरक्षक जाकिटे घालून, होडी मुद्दाम उलटवावयाची आहे. ती सरळ करून किनाऱ्यास आणल्यावर झाकण काढून आत हात फिरवावयाचा; तो कोरडा निघाला तरच डोलकाठीस शीड चढेल.