वाफेचे मोठे भांडे घेताना



भांड्याच्या दुकानात गेलेला माणूस काय करतो? भांडे हातात घेऊन इकडून तिकडून फिरवतो, बोटाने टिचकी मारतो, त्यात आपला चेहरा दिसतो का ते बघतो आणि भाव विचारतो. वाटीपेल्याला एवढी परीक्षा पुरते. पण आज मी ज्या भांड्याविषयी बोलणार आहे त्याला ती पुरत नाही. हे भांडे म्हणजे पंधरा-वीस लिटरांचे स्टेनलेस स्टीलचे मोठे पातेले, त्याच्या आत बसणारे भोकांचे दुसरे भांडे, वर वाफेसाठी उथळ चाळण आणि झाकण. शहरातल्या दुकानांत ते पास्ता उकळायचे भांडे म्हणून विकतात. पास्ता ही इटलीच्या लोकांची शेवई समजा. ती ज्या कठीण गव्हाची करतात त्या जातीचा गहू आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जातो. तेव्हा नाव परके असले तरी काम आपल्या ओळखीचेच आहे.

आणि काम तरी किती! नागपंचमीला दिंडे, गणपतीला मोदक, फणसाच्या दिवसांत सांदणे, हळदीच्या पानातले पातोळे, खानदेशात फुणके, घरोघरी अळूवडी आणि कोथिंबीरवडी. ही सगळी वाफेची कामे. उकळत्या पाण्याची कामे निराळी. कोकणात शिरवळ्यांचे गोळे उकळत्या पाण्यातून काढतात आणि गरम असतानाच साच्यात घालून दाबतात. बटाटे, रताळी, कणसे, शेंगा उकडायच्या असतात. शाळेच्या स्वयंपाकघरात कडधान्ये नि बटाटे रोजचे. एवढे करायचे म्हणजे मोठे भांडे हवेच.

दुकानात आपण भांडे उचलून बघतो ते रिकामे. घरी ते उचलायचे असते भरलेले. वीस लिटर पाण्याचे वजन वीस किलो. त्यात भांड्याचे वजन मिळवा, आतल्या बटाट्यांचे मिळवा, आणि हे सारे उकळते आहे हे लक्षात घ्या. असे भांडे दोन फडक्यांनी धरून मोरीपर्यंत न्यायचे आणि झाकण तिरके लावून पाणी वेळायचे, हे काम आपल्या घरातल्या बायका वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. पेज वेळताना हातावर सांडली, पायावर सांडली, अशी खूण अंगावर असलेली एखादी आजी गावात सहज सापडेल. तेव्हा या भांड्यातली खरी मोलाची वस्तू बाहेरचे चकचकीत पातेले नव्हे. मोलाचे आहे ते आतले भोकांचे भांडे. पाणी जागच्या जागी राहते, शिजलेले अन्न तेवढे वर उचलायचे. उकळते पाणी घेऊन चालावे लागत नाही.

म्हणून आधी हे आतले भांडे बाहेर काढून पाहा. ते जवळजवळ बुडापर्यंत उतरले पाहिजे, खाली बोट-दोन बोटे जागा पुरे. काही भांड्यांत ते अर्ध्यातच लटकते. मग बटाटे बुडावेत म्हणून दुप्पट पाणी तापवत बसायचे आणि गॅस जाळायचा. त्याचे कान पाण्याच्या पातळीच्या चांगले वर हवेत. ते काठावर टेकवून निथळत ठेवता आले तर फारच छान, नाहीतर पाणी गळून जाईपर्यंत हातात धरून उभे राहावे लागते. आता भोकांची परीक्षा. जुन्या पंचाचे टोक आतून-बाहेरून फिरवा. धागा अडकला, तर भोकांच्या कडा नीट घासलेल्या नाहीत असे समजा. त्या उद्या बोटाला लागतील, आणि कण अडकून राहतील ते वेगळेच.

वाफेची चाळण निराळी आणि तिचा नियमही उलटा. ती पाण्यापासून चांगली चार बोटे वर राहिली पाहिजे, नाहीतर उकळी फुटली की पाणी मोदकांना लागते आणि खालची बाजू चिकट होते. झाकण मधे फुगीर असेल तर वाफेचे थेंब कडेने ओघळतात, सपाट असेल तर नेमके मोदकांवर पडतात. सपाट झाकण पदरी आलेच, तर त्याला आतून कोरडे फडके बांधावे.

या वाफेबद्दल शिक्षक मंडळींनी वर्गात अवश्य सांगावे. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी उष्णता लागते. त्याच एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540 कॅलरी लागतात. ही सगळी उष्णता वाफ पोटात घेऊन बसलेली असते, आणि जिथे ती थंड होऊन पुन्हा पाणी होते तिथे सोडून देते. मोदकावर सोडली तर मोदक शिजतो, मनगटावर सोडली तर मनगट. म्हणून झाकण उघडताना त्याची पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाते. झाकणाची मूठ फडक्यासकट हातात मावते की नाही हे दुकानातच बघायला हवे. भाजलेच, तर साधे गार पाणी वीस मिनिटे वाहते ठेवावे, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि भाजणे मोठे असेल तर सरळ दवाखाना गाठावा.

कानांचेही तेच. कान असा हवा की घडी घातलेले फडके धरून चारही बोटे आत जातील. तो रिव्हेटने ठोकलेला असो की डाग देऊन जोडलेला, जोड मजबूत हवा. प्लास्टिकसारख्या काळ्या मुठी गॅसवर चालतात, पण चुलीच्या जाळापुढे टिकत नाहीत. ज्यांच्या घरी सणावारी चूल पेटते त्यांनी पूर्ण स्टीलचेच कान घ्यावेत.

आता स्टीलकडे येऊ. पोलादात क्रोमियम मिसळले की त्याच्या अंगावर एक अतिशय पातळ, न दिसणारा थर धरतो आणि तो गंज अडवतो. बाजारात तीन आकडे ऐकू येतात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, म्हणून त्याला 18/8 असेही म्हणतात. 202 मध्ये निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेले असते, म्हणून ते स्वस्त. 430 मध्ये निकेल जवळजवळ नसतेच. आपल्याकडे समज असा की लोहचुंबक चिकटला म्हणजे माल खोटा. हे काही खरे नाही. 430 ला चुंबक चिकटतो, पण तेही स्टेनलेस स्टीलच आहे. आणि चुंबक चिकटला नाही म्हणून ते 304 असे थोडेच ठरते? 202 लाही तो चिकटत नाही. दोघांतला फरक चुंबकाला कळत नाही, डोळ्यांनाही कळत नाही. म्हणून दुकानदाराला पक्क्या पावतीवर आकडा लिहून द्यायला सांगावे. स्टीलच्या भांड्यांसाठी भारतीय मानक 14756 हे आहे, आणि 2024 साली केंद्र सरकारने या भांड्यांवरच्या आयएसआय चिन्हासाठी आदेशही काढला. ते चिन्ह भांड्यावर शोधावे.

पण सर्वांनीच महागडे 304 घ्यावे का? माझे मत असे की नुसत्या गोड्या पाण्यावर वर्षातून दहा वेळा मोदक उकडायचे असतील, तर 202 चालून जाईल. खाडीकाठच्या गावात विहिरीचे पाणी मचूळ असते, किंवा मीठ घालून शेंगा उकडायच्या असतात, तिथे मात्र 304 साठी चार पैसे जास्त मोजावेत. मीठ स्टीलचा वैरी आहे. थंड पाण्यात मीठ टाकले की ते बुडाशी बसते आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. पाण्याला उकळी आली की मगच मीठ टाकावे आणि खारट पाणी रात्रभर भांड्यात ठेवू नये.

बुडाबद्दल दुकानदार फार बोलतो. स्टील उष्णता हळू पसरवते, ॲल्युमिनियम त्याच्या दहापटीहून अधिक वेगाने पसरवते. म्हणून स्टीलच्या दोन थरांत ॲल्युमिनियम घालून जाड बूड करतात. खीर, खिचडी, पिठले यांना ते हवेच, नाहीतर बुडाला लागते. वाफवण्यासाठी मात्र त्याची फारशी गरज नाही, कारण उष्णता पसरवण्याचे काम खालचे पाणीच करते. तेव्हा भांडे फक्त उकडण्यासाठी आहे की एरवी त्यात खीरही शिजणार आहे, हे घरून ठरवून निघावे. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे आकडा मोठा म्हणजे पत्रा पातळ: 18 गेज म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर, 22 गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही थोडा कमी.

मापाचे काय? दुकानदार लिटर सांगतो, तुम्ही टेप न्या. व्यास 30 सेंटिमीटर आणि उंची 28 असेल, तर 15 गुणिले 15 गुणिले 3.14 गुणिले 28, म्हणजे 19,782 घन सेंटिमीटर. हजाराने भागा, वीस लिटरांना थोडे कमी. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर देण्यापेक्षा शाळेच्या पातेल्यावरच करू द्यावे. एवढ्या रुंद चाळणीत पाने घालून बारा-पंधरा मोदक बसतात, तेव्हा एकवीस हवे असतील तर दोन चाळणी नाहीतर दोन खेपा. उंची नि रुंदी साधारण सारखी असलेले भांडे आपल्या कामाला बरे. फार उंच भांडे तीन दगडांच्या चुलीवर डुगडुगते. गॅसच्या शेगडीच्या दोन बर्नरांमधले अंतरही मोजून न्या, नाहीतर शेजारी चहाचे भांडेसुद्धा बसायचे नाही.

शाळांच्या बाबतीत एक सांगायचे राहते. भांडी ठरवतात मुख्याध्यापक किंवा समितीतले सभासद, आणि ती उचलतात स्वयंपाक करणाऱ्या ताई. खरेदीच्या दिवशी त्या ताईंना बरोबर न्यावे. भांड्यात गार पाणी भरून दुकानातच त्यांना ते उचलायला सांगावे. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. दोन ताईंना मिळूनही जे भांडे सुखाने हलत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. त्याऐवजी दहा-दहा लिटरांची दोन घ्यावीत.

घरी आणल्यावर भांडे साबणाने धुऊन एकदा नुसते पाणी उकळून टाकावे. मोदक उकडताना पाणी संपले तर कळावे म्हणून तळाशी एक लहान वाटी पालथी टाकतात. ती खडखडत असते तोवर काळजी नाही. खडखड थांबली की कडेने उकळते पाणी घालावे. बुडावर निळसर-सोनेरी डाग आले तर घाबरू नका, ते उष्णतेचे आहेत. पाण्याचे पांढरे किटण चिंचेने किंवा लिंबाने निघते. लोखंडी तारेने मात्र घासू नये. तारेचे कण अडकून तेच गंजतात आणि आपण दोष देतो स्टीलला. चुलीवर ठेवण्याआधी बाहेरून राखेचा नाहीतर मातीचा लेप द्यावा, काजळी त्याबरोबर धुऊन जाते.

आणि हो, भांड्यावर नाव घालायची आपल्याला भारी घाई असते! दुकानातच तारखेसकट नाव कोरून घेतात. नाव घातलेले भांडे दुकानदार परत घेत नाही, बरं का. आधी घरी पाणी भरून, तापवून, एकदा आतले भांडे उचलून पाहा. कुठे गळत नाही, कान हलत नाहीत, अशी खात्री झाली की पुढच्या बाजाराला नाव घालून आणा.