पत्रातला वाद आणि छापातला वाद

टीकाकार म्हटला की छापील लेखातला, तोलूनमापून बोलणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण त्याचे मन कसे चालते, हे तो पत्र लिहायला बसला म्हणजे अधिक कळते. आज अशा दोन पत्रव्यवहारांविषयी थोडे सांगतो. एक साता समुद्रांपलीकडचा, दुसरा आपल्या वऱ्हाडातल्या मंडळींचा.

अमेरिकेत एडमंड विल्सन नावाचे नामवंत टीकाकार होऊन गेले. १९४० साली रशियन लेखक व्लादिमीर नाबोकॉव्ह युरोपातल्या युद्धातून निसटून बायकामुलासह तिथे आले. पुढे ते कॉर्नेल विद्यापीठात रशियन साहित्य शिकवीत. विल्सननी त्यांची मासिकांशी गाठ घालून दिली. पुश्किनच्या एका छोट्या नाटकाचा इंग्रजी अनुवाद दोघांनी मिळून केला. विल्सनना रशियन भाषेचा मोठा नाद. रशियन वृत्त कसे मोजावे यावर पत्रांतून कडाक्याचे वाद चालत. कोणी हार मानीना, पण पत्रेही थांबेनात!

१९६४ साली नाबोकॉव्हनी पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्यकादंबरीचा अनुवाद टिपांसह चार खंडांत काढला. पुढच्याच वर्षी विल्सननी त्याच्यावर जाहीर कोरडे ओढले. नाबोकॉव्हनीही छापूनच उत्तर दिले. पाकिटातला वाद चव्हाट्यावर आला आणि मैत्री तुटली. १९७१ साली जुनी पत्रे पुन्हा वाचून नाबोकॉव्हनी समेटाचे पत्र धाडले. पण त्याच वर्षी विल्सनच्या नव्या पुस्तकातल्या मजकुरावरून पुन्हा ठिणगी पडली. १९७२ साली विल्सन वारले.

त्याच १९७२ साली मराठीत ‘कुसुमानिल’ हा पत्रसंग्रह निघाला. कुसुम जयवंत, म्हणजे पुढच्या कुसुमावती देशपांडे, १९०४ साली अमरावतीस जन्मल्या. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे, जन्म १९०१. पुण्यात शिकताना ओळख झाली, १९२९ साली लग्न झाले. त्याआधीच्या वर्षांतली ही पत्रे. कुसुमावतीबाईंनी नागपूरला इंग्रजी शिकविले आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा लिहिला. अनिल १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावतीबाई पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, आणि त्याच वर्षी वारल्या.

बाईंच्या टीकालेखांच्या संग्रहाचे नाव ‘पासंग’. शेतकरी मंडळींना हा शब्द सांगायला नको. तराजूची पारडी समान नसली तर हलक्या बाजूला जे वजन बांधतात, तो पासंग. दुसऱ्याचा माल जोखण्याआधी आपली पारडी सारखी करा, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटते, टीकाकाराला पत्र हा असाच पासंग असतो. पत्राला वाचणारा एकच, आणि तो उलट उत्तर देणार. म्हणून लिहिणारा आपोआप जपून तोलतो. जाहीर टीका करणे हा काही गुन्हा नव्हे. टीकाकाराचे ते कामच. पण ऐकून घेण्याची सवय सुटली की तराजू कलतो. विल्सन-नाबोकॉव्हांचे नेमके तेच झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गात एवढे करून पाहा. एखादा धडा वाचून झाला की मुलांना शेजारच्या गावच्या शाळेत एकेक पोस्टकार्ड लिहू द्या: काय आवडले, काय पटले नाही, आणि का. उत्तर येईल तेव्हा ते वर्गात मोठ्याने वाचा. आपले मत कोणी खोडून काढले तरी रुसायचे नसते, हा धडा क्रमिक पुस्तकात सापडत नाही. तो टपालानेच येतो.