मत मागायला आलेल्या पुढाऱ्याची पारख



निवडणूक आली की नाक्यानाक्यावर पुढारी उगवतात. गळ्यात हार, जोडलेले हात, आणि तोंडात एकच वाक्य : "आम्हाला निवडून द्या, कामगारांना न्याय मिळवून देऊ." न्याय म्हणजे काय रे बाबा? किती, कधी, कुणाच्या खिशातून? एवढे विचारले की साहेबांना पुढच्या सभेची घाई होते!

आमचे म्हणणे असे की पारख करायची ती माणूस खुर्चीवर बसायच्या आधी. बसल्यावर पाच वर्षे तो दिसायचा नाही. साळखात्यात नवा माणूस आला की जॉबर त्याला आधी साच्यापाशी उभा करून बघत असे. तुटला धागा कसा जोडतो, हात चालतो की नुसती जीभ चालते. मग आमदार-खासदार नुसत्या भाषणावर का घ्यावा?

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण घेतो. त्यांचे काम जरा बारकाईने बघा. हा माणूस मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होता. १८८० साली नोकरी सोडली आणि 'दीनबंधू' पत्र हाती घेतले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्या अर्जात "न्याय द्या" असले मोघम काही नव्हते. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्य मावळला की बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. घड्याळ आणि तारीख घालून मागितले! मालकाला पळवाट ठेवली नाही.

मिळाले का लगेच? छे. २४ एप्रिल १८९० ला दहा हजार कामगार पुन्हा जमले, आणि त्या सभेत दोन बाया भाषणाला उभ्या राहिल्या. त्या काळी, बरं का! १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. त्याच साली सरकारला कारखाना आयोगाच्या कामात लोखंड्यांना घ्यावे लागले. मान तेव्हा मिळाला. त्याआधी दहा वर्षे बिनमानाची होती.

आता आजचे बघू. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे एकेक करून गिरण्या गेल्या, जमिनीवर टॉवर चढले. घराचा प्रश्न मात्र दर निवडणुकीला नव्याने सुटतो! घर देऊ म्हणणाऱ्याला विचारा : कोणत्या गिरणीच्या जमिनीवर? मुंबईत की लांब कुठे? किती घरे, काय किंमत, आणि चावी कोणत्या सालात? जो म्हणेल "एवढी होतील, एवढी होणार नाहीत", त्याच्याकडे जरा नीट बघा. "नाही" ऐकायला कडू लागते हे खरे. पण हो-हो म्हणणाऱ्यांच्या भरवशावरच आपल्या पेटीतले कागद पिवळे पडले.

दुसरे, त्याचा जुना हिशेब काढा. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ साली निकाल दिले, तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात त्याच्यावरचे खटले, बायकोसकट मालमत्ता, कर्ज आणि सरकारी थकबाकी लिहिलेली असते. घरातल्या पोराला सांगा, तो मोबाईलवर काढून देईल. खटला दिसला म्हणून बिचकू नका. मोर्चात जमावबंदी मोडली म्हणून आहे की कुणाला फसवले म्हणून, ते वाचा. मागे उभा राहिला असेल तर तेव्हाचा कागद शेजारी ठेवा. आपल्या खोलीत पाच वर्षांत एका पंख्याची भर पडली नाही, ह्यांच्याकडे काय काय वाढले ते कळेल.

तेव्हा येत्या रविवारी, लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या सुट्टीच्या दिवशी, चाळीतले चारजण जमा आणि तो कागद मोठ्याने वाचून काढा. बायांनाही बसवा, घरखर्चाचा आकडा त्यांना लवकर समजतो. उमेदवार दाराशी आला की चहा जरूर द्या, पण कागद हातातच असू द्या.