ज्योतीवर चालणारा फ्रिज

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी संतसाहित्यावर, इतिहासावर, नाट्यसंगीतावर व्याख्याने होतात. यंदा पत्रिकेत ‘फ्रिज’ हा विषय वाचून अनेकांना हसू आले असेल. पण वडोदऱ्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले आणि हातात पाना धरणे कमीपणाचे नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी या शहरातच मानले. त्या आधारावर आम्ही दोघे नवरा-बायको आज फ्रिजवर बोलणार आहोत.

आमचा मुलगा आणि सूनबाई अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ राहतात. त्यांनी एक जुनी आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर. ओटा, झोपायची जागा, न्हाणीघर, सगळे एका गाडीत. आम्ही तिकडे गेलो की चौघांनी त्यातून फिरायचे, असा बेत होता. आमच्यापैकी एकाला रोज इन्सुलिन लागते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि गोठले तर ते फेकूनच द्यावे लागते. त्यामुळे त्या गाडीत आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो फ्रिज. आणि नेमका तोच बंद होता.

आपल्या घरातल्या फ्रिजला कॉम्प्रेसर असतो. तो घरघरतो आणि त्याला वीज लागते. जंगलात, वाळवंटात गाडी उभी केली तर वीज कुठून आणणार? म्हणून जुन्या आरव्हींमध्ये बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा फ्रिज असतो. तो गॅसच्या छोट्या ज्योतीवर चालतो आणि वीज मिळाली तर विजेवरही चालतो. ज्योत पेटवून गारवा मिळवायचा, हे ऐकून आमचाही विश्वास बसला नव्हता.

या कल्पनेचा इतिहास जुना आहे. फ्रान्समध्ये फर्दिनां कारे यांनी १८५९ साली अमोनिया आणि पाणी वापरून उष्णतेवर चालणारे शीतयंत्र केले. स्टॉकहोममध्ये बाल्त्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली त्यात हायड्रोजनची भर घातली आणि पंपाची गरजच संपवली. पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने हे फ्रिज बाजारात आणले. आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनाही हलणारा भाग नसलेल्या फ्रिजचे पेटंट अमेरिकेत १९३० साली मिळाले होते. जिथे वीज पोचलेली नव्हती, तिथे याच तत्त्वावरचे रॉकेलचे आणि गॅसचे फ्रिज लसी सांभाळण्यासाठी वापरले गेले. म्हणजे औषधाशी या फ्रिजचे नाते पूर्वीपासूनचे आहे.

आता तो चालतो कसा? फ्रिजच्या मागे नळ्यांचे एक जाळे असते. ते कारखान्यातच कायमचे बंद केलेले असते आणि आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन मोठ्या दाबाखाली भरलेले असतात. खाली ज्योतीने अमोनियाचे पाणी तापते, अमोनियाची वाफ होऊन वर जाते. वरच्या नळ्यांत बाहेरच्या हवेने ती निवते आणि तिचा द्रव होतो. हा द्रव आतल्या नळ्यांत उतरतो, तिथे हायड्रोजनच्या सोबतीने त्याची पुन्हा वाफ होते. वाफ होताना तो फ्रिजमधली उष्णता ओढून घेतो. माठातले पाणी जसे झिरपून, वाफ होऊन गार होते, तसेच. मग खाली पाणी त्या अमोनियाला पुन्हा शोषून घेते आणि फेरा नव्याने सुरू होतो. यात मोटर नाही, पंप नाही, आवाज नाही. सगळा प्रवास उष्णतेवर आणि उतारावर चालतो.

‘उतारावर’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण मुलाच्या गाडीतला फ्रिज त्यामुळेच मेला होता. आधीच्या मालकाने गाडी घरासमोरच्या उतारावर महिनोन्‌महिने उभी ठेवली होती, फ्रिज चालू ठेवून. गाडी तिरकी असली की नळ्यांतला द्रव एका जागी साचतो, खालची नळी कोरडीच तापत राहते आणि गंज रोखण्यासाठी आत घातलेल्या क्षाराचे खडे होऊन वाट बुजते. गाडी चालत असताना हेलकाव्यांनी द्रव हलत राहतो, म्हणून चढ-उताराचा रस्ता चालतो. उभी असताना मात्र फ्रिज साधारण सपाट हवा. आजूबाजूला ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश, एवढाच कल बहुतेक फ्रिज सोसतात. आपल्या गवंड्याकडे असते तशी एक छोटी पाणसळ आम्ही फ्रिजमध्येच ठेवली.

त्या जुन्या फ्रिजच्या मागे पिवळा डाग होता आणि दार उघडताच अमोनियाचा झोंबणारा वास येत होता. असा वास आला की दुरुस्तीचा विचार सोडावा. फ्रिज बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचे. मुलाने नवा फ्रिज आणला. गॅसचा जोड परवानाधारक कारागिराकडूनच करून घेतला. त्याने मॅनोमीटर लावून दाब तपासला. तो पाण्याच्या ११ इंच स्तंभाइतका लागतो. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिले. साबणही साधा हवा, अमोनिया किंवा क्लोरीन असलेला नको, तो पितळेला खातो, हे त्याच्याकडून कळले. आणखी एक गोष्ट कळली. गॅसवर चालत असला तरी फ्रिजच्या नियंत्रणाला गाडीच्या बॅटरीची १२ व्होल्ट वीज सतत लागते. बॅटरी उतरली की टाकी भरलेली असूनही ज्योत विझते.

फ्रिज बसला, चालूही झाला. पण फिनिक्सच्या मे महिन्यात बाहेर चाळीस अंश, आणि चोवीस तास झाले तरी आत चौदा अंश! (आतले तापमान मोजताना थर्मामीटर पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवावा. नुसत्या हवेचा आकडा दार उघडले की बदलतो.) आम्हाला वाटले, फ्रिजच खराब निघाला. तो खराब नव्हता, त्याच्या पाठीला वारा लागत नव्हता.

या फ्रिजच्या मागे गाडीच्या भिंतीला खाली एक जाळी असते आणि वर छपरात दुसरी. खालून गार हवा आत शिरते, नळ्यांवरून जाते, तापते आणि वरून बाहेर पडते. जुन्या वाड्यांच्या स्वयंपाकघरातला धूर कौलांतल्या उजेडपात्रातून जायचा, तशीच ही चाल आहे. पण नवा फ्रिज जुन्यापेक्षा कमी खोल होता आणि मागे चार इंच फट राहिली होती. हवा नळ्यांना न शिवता त्या रिकाम्या जागेतून वर निघून जात होती. ही फट एक इंचाच्या आत हवी. मुलाने आणि आम्ही मिळून फ्रिज बाहेर ओढला, मागे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून फट कमी केली आणि फ्रिज परत आत सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत ५ अंश. त्या दिवशी सूनबाईंनी पुरणपोळीच केली, आणि इतका आनंद आम्हाला नवीन गाडी घेतल्यावरही झाला नव्हता.

यानंतर जे घडले ते सांगण्यासाठी हे व्याख्यान आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. गाडी मधल्या काळात उभीच होती. फ्रिज सुरू केला, गार झाला, म्हणून कोणी काही तपासले नाही. फिनिक्सहून निघून आम्ही ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर मुक्काम केला. फिनिक्स समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे फुटांवर आहे, हा काठ सुमारे सात हजार फुटांवर. आमच्या जागेला वीज नव्हती, म्हणून फ्रिज गॅसवर. रात्री थंडी कडाक्याची, म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या.

रात्री दोनच्या सुमारास कर्कश आवाजाने जाग आली. आम्हाला वाटले मोबाईलचा गजर असेल. मुलगा मात्र उडी मारूनच उठला. तो कार्बन मोनॉक्साइडचा गजर होता. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेत असतो आणि झोपेतच राहतो. आम्ही चौघे पांघरुणांसकट बाहेर आलो. मुलाने टाकीची कळ बंद केली, दारे-खिडक्या उघडल्या. आमच्यापैकी एकाचे डोके जड झाले होते. तासाभरात मोकळ्या हवेत बरे वाटले, पण त्या रात्री कोणी पुन्हा आत झोपले नाही. इन्सुलिन बर्फाच्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवले. बर्फाला थेट टेकले तर गोठेल, म्हणून.

सकाळी कारागिराला बोलावले. त्याने मागची जाळी काढली आणि दाखवले. बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळे विणले होते. ज्योत निळी असायला हवी, ती पिवळी होऊन काजळी धरत होती. त्यात उंचीवर हवा विरळ. साडेपाच हजार फुटांच्या वर गॅसवर ज्योत नीट जळत नाही, शक्य असेल तर फ्रिज विजेवर लावा, असे फ्रिजच्या पुस्तिकेतच छापलेले होते. पण हा विषारी वायू जाळीतून बाहेर न जाता आत कसा आला? त्याने बॅटरीचा उजेड फ्रिजच्या पायाशी टाकला. आदल्या वर्षी पत्रा बसवताना फ्रिज बाहेर ओढला, तेव्हा त्याच्या कडेची फोमची पट्टी फाटली होती. ती आम्ही परत लावलीच नव्हती. ज्योतीची जागा आणि माणसांची जागा वेगळी ठेवणारी तेवढीच एक पट्टी होती.

चूक आमची होती. फ्रिज गार होतो ना, एवढेच आम्ही पाहिले. औषध जपले आणि श्वास विसरलो.

आता तुम्ही म्हणाल, वडोदऱ्यात बसून आम्हाला याचा काय उपयोग? या सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहे आणि सुटीत अशा गाड्या घेऊन फिरते. आपल्याकडेही कॅरॅव्हॅन येऊ लागल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी धोरणही आणले. म्हणून त्या सकाळपासून आम्ही जे पाळतो, ते सांगतो.

वर्षातून एकदा, पहिल्या प्रवासाआधी, बर्नर कारागिराकडून साफ करून घ्यायचा. वरच्या धुरांड्यातून गंजाचे कण बर्नरवर पडतात, तेही काढायचे. गॅसच्या जेटमध्ये पिन घालायची नाही. आपण स्टोव्हला पिन मारत मोठे झालो, त्यामुळे हात शिवशिवतो. पण हे भोक पिनेने मोठे झाले की ज्योतीचे गणित बिघडते. जेट स्पिरिटमध्ये भिजवून हवेने फुंकायचा. ज्योत पेटली की आधी तिचा रंग पाहायचा. देवघरातली समई काजळी धरू लागली की आपण वात सारखी करतो, तेवढीच नजर इथेही हवी.

फ्रिज कधीही बाहेर ओढला तर आत सरकवण्याआधी कडेची पट्टी हाताने चाचपून पाहायची. दाराच्या रबरात नोट धरून दार लावायचे. नोट सहज सुटली तर रबर बदलायचे. प्रवासाच्या आदल्या दिवशीच फ्रिज सुरू करायचा आणि आधीच गार केलेले पदार्थ आत ठेवायचे. इन्सुलिन मागच्या थंड पात्यांना टेकू द्यायचे नाही. पेट्रोल भरण्याआधी फ्रिजची ज्योत विझवायची. आणि दोन्ही गजर दर प्रवासाआधी बटण दाबून तपासायचे. एक कार्बन मोनॉक्साइडचा. दुसरा गॅसगळतीचा, जो जमिनीलगत असतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असून खाली साचतो. त्यांची मुदत संपली असेल तर ते वाजतील या भरवशावर राहू नये.

तो फ्रिज अजून चालतो. इन्सुलिन त्यातच असते. आम्ही इथून फोन करतो तेव्हा मुलाला आधी ‘जेवलास का’ विचारतो आणि प्रवासाचे दिवस असले की लगेच दुसरा प्रश्न, ‘बर्नर पाहिलास का?’ तो हसतो. पण गेल्या वेळी त्याने न विचारताच फोटो पाठवला. छोटीशी, स्थिर, निळी ज्योत. तुमची मुलेही अशा गाडीतून निघणार असतील, तर त्यांच्याकडे तो फोटो जरूर मागा.