वोल्गाकाठची बाजारपेठ

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



रशियाचा इतिहास आपण मॉस्को आणि लेनिनग्राड या दोन शहरांवरूनच वाचत आलो. मला निझनी नोवगोरोदविषयी बोलावयाचे आहे.

ओका नदी वोल्गेला मिळते तेथे १२२१ मध्ये राजपुत्र युरी व्सेवोलोदोविच याने हे ठाणे वसविले. पुढे मॉस्को पोलिश सैन्याच्या ताब्यात गेली, तेव्हा येथील कुझ्मा मिनीन या मांसविक्रेत्याने निधी उभारून सैन्य जमविले. पोझार्स्कीच्या नेतृत्वाखाली त्या सैन्याने १६१२ मध्ये राजधानी सोडविली. उमराव आपसांत भांडत असताना राज्य सावरले ते एका दुकानदाराने! अर्थात हा निधी सर्वस्वी ऐच्छिक नव्हता. नाकारणाऱ्यांकडून तो सक्तीने वसूल होई.

१८१६ मध्ये मकारेवची जत्रा आगीत भस्मसात झाली आणि १८१७ पासून ती येथे भरू लागली. क्याख्तामार्गे येणारा चिनी चहा, उरलचे लोखंड, मध्य आशियाचा कापूस, इराणचा माल यांचे घाऊक सौदे येथे होत. हा माल वाहणारी गलबते प्रवाहाविरुद्ध ओढीत ते बुर्लाक, म्हणजे खांद्याला दोर बांधलेली माणसे. जत्रेच्या वैभवाची वर्णने पुष्कळ आहेत. त्या दोराच्या मजुरीचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

१८४९ मध्ये सोर्मोवोचा कारखाना निघाला. तेथील कामगारांची १९०२ ची मे दिनाची मिरवणूक गॉर्कीच्या ‘आई’ या कादंबरीचा आधार ठरली. गॉर्की याच शहरात जन्मला. तो हयात असतानाच, १९३२ मध्ये, शहराला त्याचे नाव दिले गेले. त्याच वर्षी येथे मोटारींचा प्रचंड कारखाना सुरू झाला, तोही अमेरिकन फोर्ड कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने. भांडवलशाहीचे तंत्र स्वीकारण्यात अडचण नव्हती; अडचण होती ती मतभेदाची. कारण ज्या शहरात साऱ्या आशियाचे व्यापारी जमत, तेच पुढे परदेशीयांना बंद झाले, आणि अफगाणिस्तानातील हस्तक्षेपाचा निषेध करणाऱ्या आंद्रेई सखारोव्ह यांना जानेवारी १९८० मध्ये कोणत्याही खटल्यावाचून तेथेच स्थानबद्ध करण्यात आले. डिसेंबर १९८६ मध्ये त्यांच्या घरी अचानक दूरध्वनी बसविला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर खुद्द गोर्बाचेव्ह बोलले. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याला एका शास्त्रज्ञाच्या मताची सात वर्षे भीती वाटावी, याचे समर्थन आपल्यापैकी काहींनी त्या काळी केले होते, हेही नमूद करतो.

१९९० मध्ये जुने नाव परत आले. एप्रिल १९९२ मध्ये सरकारी दुकानांचे लिलाव सुरू झाले. त्या दुकानांत वर्षानुवर्षे राबलेल्यांजवळ बोली लावण्यापुरता पैसा तरी होता काय, हा प्रश्न त्या साऱ्या व्यवहारात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.