भिंती मुलांच्या

पत्रिकेवर ‘बागेतलं लाकडी खेळघर’ असा विषय छापलाय, म्हणून पुढच्या रांगेत काही मंडळी वही-पेन्सिल घेऊन बसलीत. मापंही सांगेन. पण माझा हट्ट आधीच उघड करतो: मोठ्यांनी हे घर पुरं करू नये. खांब, तुळया, छप्पर आपलं; भिंती मुलांच्या. भातुकली आणि दिवाळीतला किल्ला तुम्हाला ठाऊक आहेत, त्यात शिरत नाही. एवढंच आठवा, की चिखल कालवताना, पोतं पसरताना, अळीव पेरताना जी झुंबड असते, ती मावळे मांडून झाले की पांगते. आणि बाजारातून आणलेल्या प्लास्टरच्या तयार किल्ल्याभोवती ती जमतच नाही.

पुरं केलेलं खेळघर कसं असतं, ते पाहायचं तर विंडसरला जावं लागेल. 1932 साली वेल्सच्या जनतेनं राजकन्या एलिझाबेथला सहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून एक घर दिलं. खऱ्या घराच्या दोन पंचमांश मापाचं, वर गवती छप्पर. वाहून नेताना वाटेत त्या छपराला आग लागली, ते पुन्हा शाकारावं लागलं. आत वीज, नळाला गरम पाणी, बेताची भांडी, चिमुकली पुस्तकं. मोठा माणूस आत शिरला तर वाकूनच. कारागिरी अव्वल, यात वाद नाही. पण सगळंच जागच्या जागी असल्यावर त्या पोरीला करायला उरलं काय? झाडलोट! (हशा) हसू नका, आपल्या सोसायट्यांच्या बागांतली रंगीत प्लास्टिकची घरं त्याच कुळातली आहेत, फक्त नळ नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला कोपनहेगनजवळचं एमड्रुप. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, 1943 साली, तिथं भंगाराचं क्रीडांगण उघडलं. कल्पना सॉरेनसेन या उद्यानरचनाकाराची. मुलं आखीव क्रीडांगण सोडून बांधकामाच्या जागी खेळतात, हे त्यानं हेरलं होतं. फळ्या, विटा, हत्यारं दिली, सोबतीला बर्टेलसन नावाचा एक मोठा माणूस ठेवला, आणि मुलांनी झोपड्या उभारल्या, मोडल्या, पुन्हा उभारल्या. 1946 साली इंग्लंडमधल्या उद्यानरचनाकार लेडी ॲलन यांनी ते पाहिलं आणि बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या ब्रिटिश जागांसाठी तोच आग्रह धरला. बॉम्बच्या खड्ड्यांत खेळू दिलं म्हणजे आईबापांना काळजी नव्हती, असं समजू नका.

कारण काळजीचाच आक्षेप मागच्या रांगेतून येणार. आत्ताच कुजबुज ऐकू आली. तो रास्त आहे. पण दोन प्रकारचे धोके एका पारड्यात घालू नका. कुजलेला खांब मुलाला दिसत नाही, म्हणून तो आपण पाहायचा. खांब जमिनीत गाडला की वाळवीला आमंत्रण. जुन्या वाड्यांतल्यासारखा तो दगडी तळखड्यावर उभा करून पक्का जखडा. मालाच्या पॅलेटच्या फळ्या वापरणार असाल तर शिक्का पाहा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेनं निर्जंतुक केलेल्या, त्या चालतील, ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची प्रक्रिया, त्या परत पाठवा. खिळा मात्र मुलाला दिसतो. तो बोटांऐवजी पक्कडीत धरायला द्या आणि जवळ थांबा. फळीच्या टोकाशी खिळा ठोकला की ती चिरते. दोन फळ्या चिरल्यावर मूल खिळा थोडा आत सरकवतं. मग कुणीतरी सुतार त्याला खिळ्याचं टोक आधी जरा ठेचून बोथट करायला शिकवतो. हे शिकणं तयार भिंतीत कुठून येणार?

दुसरा आक्षेप दिसण्याचा. वाकड्या फळ्या, मधे फटी, एका बाजूला पोत्याचा पडदा. सोसायटीची शोभा जाते म्हणतात. जाते खरी! पार्किंगमधल्या धूळ खात पडलेल्या गाड्यांनी मात्र ती वाढते, असं दिसतं. (टाळ्या) मुलांना वेळच नाही, हा तिसरा आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. मात्र अर्धवट भिंत रविवारपर्यंत थांबते, शिकवणीचा वर्ग थांबत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, म्हणजे मापं घाईतच. बैठक सहा फूट बाय चार. छपराला चांगला उतार द्या आणि पागोळ्या भिंतीपासून वीतभर लांब पडतील इतकं ते पुढे काढा, नाहीतर पहिल्याच पावसात फळ्या फुगतील. दार तीन फुटांचं. आपल्याला वाकावं लागेल, तेवढं विंडसरकडून घ्यायला हरकत नाही. आणि खिडकी कुठं हवी, ते मला विचारू नका.